उद्याची भाकर देवाच्या हाती
पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र

चिंता ही गरिबाच्या घरची न बोलावता येणारी पाहुणी आहे. मृग कोरडा गेला की ती येते. सावकाराचा माणूस दारी उभा राहिला की ती येते. लेकरू तापाने फणफणले, बैल बसला, भाऊबंदांनी पाणी तोडले, की ती चुलीशेजारी ठाण मांडून बसते. ख्रिस्ती मनुष्याच्या घरी ती येत नाही असे नाही. उलट पुष्कळदा त्याच्याकडे ती आणखी एक प्रश्न घेऊन येते, तो हा की, ज्या देवावर भाव ठेवून तू आपले गणगोत सोडलेस, तो देव तुझी उद्याची भाकर पाहील काय? ह्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देणे सोपे आहे, जन्म खर्ची घालून देणे अवघड आहे. आपल्याच महाराष्ट्र देशात एका बाईने ते जन्म खर्ची घालून दिले. तिचे नाव पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्तिमिशनचे नाव आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांना ठाऊक आहेच. परंतु त्या कामाच्या पायाखाली किती उपासमार, किती वियोग व किती अनिश्चितपणा पुरलेला आहे, हे सर्वांना ठाऊक नसेल. म्हणून तिचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे विद्वान होते. स्त्रीला संस्कृत शिकविणे हे त्या काळी पाप मानीत; परंतु शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करून रानात जाऊन बिऱ्हाड केले. रमाबाई सहा महिन्यांच्या झाल्या नाहीत तोच त्या घराला दारिद्र्याने गाठले. सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, व लहानग्या रमेला वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून नेण्यात आले. तेव्हापासून त्या घराला घर असे राहिलेच नाही. देवळांतून व नदीच्या घाटांवर पुराण सांगावे, लोक जे वाहतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. आईने ह्या भटकंतीतच मुलीला शिकविले, आणि भागवताचे हजारो श्लोक तिच्या तोंडी बसविले.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबोवा म्हातारे व आंधळे झाले होते. जवळची पुंजी देवधर्मात व दानात संपली; मग दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. भीक मागावी तर कुळाचा अभिमान आड येई. मोलमजुरी करावी तर ती कोणी शिकविली नव्हती. शेवटचा तांदळाचा दाणा सरला, तेव्हा ते सर्व जण मरण्याच्या निश्चयाने रानात शिरले. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर त्यांनी काढले. शेवटी वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले, व एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. रमाबाई धाकट्या व सर्वांत लाडक्या. त्यांना उराशी धरून त्या आंधळ्या पित्याने सांगितले की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे. तू त्याचीच आहेस, आणि जन्मभर तू त्याचीच सेवा केली पाहिजे. थोरला मुलगा श्रीनिवास ह्याने, आपण कुळाचा अभिमान सोडून मजुरी करू, असे म्हणून वडिलांना त्या कृत्यापासून परावृत्त केले. परंतु उशीर झाला होता. जवळच्या गावी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वडील वारले. काही आठवड्यांनी आईही गेली. तिचे प्रेत वाहण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना कशीबशी दया आली. श्रीनिवास तिसरा झाला, आणि चौथी रमाबाई. त्या उंचीने ठेंगण्या असल्यामुळे तिरडीचा दांडा खांद्याला पोहोचेना, म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला. तेव्हा त्या अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे वडील बहीणही पटकीने गेली.

वाचकहो, ह्या मुलीला देवाने टाकिले, असे कोणीही पाहणारा म्हणाला असता. तिलाही ख्रिस्ताचे नाव तेव्हा ठाऊक नव्हते. बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या दिवसांत अंगावर पांघरूण नसे; तेव्हा ती दोघे वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणीत, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून रात्र काढीत. व्रते, उपास, तीर्थे ह्यांपैकी काहीएक करावयाचे त्यांनी ठेविले नाही. पण जसजसे दिवस गेले, तसतसा त्या आचारांवरील त्यांचा विश्वास ढळत गेला.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली, व थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मान मिळाला, परंतु आसरा टिकला नाही. १८८० साली डाक्का येथे श्रीनिवास आजारी पडला. उपासमारीने त्याचे शरीर आधीच खंगले होते. आपल्यामागे बहिणीचे कसे होईल, ही एकच चिंता त्याला जाळीत होती. ती त्याने बोलून दाखविली तेव्हा रमाबाईंनी उत्तर दिले की, तुझी व माझी काळजी वाहणारा देवावाचून दुसरा कोणी नाही. त्यावर तो म्हणाला की, देव काळजी वाहत असेल तर मला कशाचेच भय नाही. आणि तो शांतपणे मरण पावला. ह्या भावंडांना देवाची ओळख अद्याप अंधुकच होती. तथापि आंधळ्याने हात पुढे करावा तसा त्यांनी हात पुढे केला होता, आणि तो हात देवाने पुढे धरिला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी नामक बंगाली वकिलाशी लग्न केले. ते दुसऱ्या जातीचे असल्यामुळे दोघांनाही आप्तस्वकीयांनी दूर केले. १८८१ साली मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा ठेविले. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत रमाबाईंना बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी प्रत सापडली, व ती त्यांनी आवडीने वाचिली. परंतु संसार अवघा एकोणीस महिने चालला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले, आणि तेवीस वर्षांची विधवा तान्ही मुलगी घेऊन पुन्हा उघड्यावर आली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि मिशनच्या एका बाईपाशी नवा करार शिकू लागल्या. १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या मुलीसह इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे ते दार बंद झाले. देव एक दार लावितो तेव्हा दुसरे उघडावयाचे असते, हे मागाहून कळते. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. त्या भगिनी पतित स्त्रियांना घृणेने न लोटता प्रेमाने जवळ घेतात व त्यांचा उद्धार करितात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले, आणि असे कशाच्या बळावर घडते असे विचारिले. उत्तरादाखल त्यांना ख्रिस्त व शमरोनी स्त्री ह्यांची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. ज्याच्या शोधात त्या सारा देश पायी हिंडल्या होत्या, तो विहिरीच्या काठी बसलेला त्यांना दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाईंच्या जिवाची तगमग लागलीच थांबली नाही. पुढे सुमारे आठ वर्षे त्या ख्रिस्ती म्हणून जगल्या, काम केले, प्रार्थना केली. परंतु तारण हे आपल्या कर्तृत्वावर नव्हे, तर ख्रिस्ताने जे पुरे केले त्यावर अवलंबून आहे, ही खातरी त्यांच्या अंतःकरणास १८९१ च्या सुमारास झाली. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळावयाचा राहिला होता, असे त्यांना तेव्हा उमगले. पापाचे ओझे जोवर आपणच वाहत आहो असे मनुष्यास वाटते, तोवर पोटाचे ओझे तो देवावर टाकू शकत नाही. रमाबाईंनी पहिले ओझे टाकिले, म्हणूनच दुसरे टाकण्याचे धैर्य त्यांना आले.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी हिंदी विधवांची स्थिती लोकांपुढे मांडिली, आणि १८८७ साली बोस्टन शहरी एक मंडळी स्थापन होऊन तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. शाळेत धर्माची सक्ती नव्हती. परंतु रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ साली ह्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील नामांकित गृहस्थांनी राजीनामे दिले, व वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. शाळा बसणार असे सर्वांना वाटले. परंतु ती बसली नाही.

दहा वर्षांची मुदत मात्र जवळ येत होती. ती संपल्यावर ह्या मुलींच्या तोंडी घास कोठून पडणार, ह्या विचाराने रमाबाई व्याकूळ होत. त्यांनी हात जोडून स्वस्थ बसणे पत्करिले नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी पडीक जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लाविली. ह्या बागेच्या उत्पन्नावर पुढे शाळा चालेल असा त्यांचा बेत होता. त्याच सुमारास ब्रिस्टल येथील जॉर्ज मुल्लर, चीन देशातील हडसन टेलर, व न्यू हेब्रिडीज बेटांतील जॉन पेटन ह्यांची चरित्रे त्यांच्या वाचण्यात आली. मुल्लर ह्यांनी कोणा मनुष्यापाशी पैसा न मागता, केवळ प्रार्थनेच्या जोरावर हजारो अनाथ मुलांचे पालन केले होते. ते वाचून रमाबाईंच्या मनात आले की, इंग्लंडात देव हे करितो. हिंदुस्थानात करील काय? येथील मनुष्य दुसऱ्या कोणाकडे न पाहता केवळ त्याच्यावर विसंबला, तर तो टिकेल काय? हाच प्रश्न आपणही विचारितो. दूर देशीच्या कोणा भक्ताचे देवाने ऐकिले ह्याचे आपल्याला नवल वाटत नाही. आपल्या गावी, आपल्या झोपडीत ऐकेल, हे मात्र खरे वाटत नाही.

१८९६ साली लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांची शिबिरसभा भरली होती. रमाबाई तेथे पंधरा विश्वासी मुलींसह गेल्या होत्या. एके दिवशी प्रार्थनेत त्यांना अशी प्रेरणा झाली की, ह्या पंधरांचे पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस आत्मे मागावेत. त्या वेळी शाळेत तेवढ्या मुलीच नव्हत्या, व इतक्यांना ठेवण्यास जागाही नव्हती. तथापि त्यांनी मागितले.

उत्तर आले, पण ते ज्या रूपाने आले ते पाहून छाती दडपली. त्याच वर्षी मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतून बातम्या येऊ लागल्या, आणि रमाबाईंच्या डोळ्यांपुढे ते तांदळाचा शेवटचा दाणा सरल्याचे दिवस उभे राहिले. जावे तर पैसा नाही. न जावे तर अंतःकरण राहू देईना. त्यांना भय वाटले नाही असे कोणी समजू नये. माणसे किती, खर्च किती, आणि हाती काय, हा हिशेब त्यांनीही केला. परंतु ज्या देवाने आपल्याला उपासमारीतून काढिले, त्याने ते कशासाठी काढिले, हा विचार हिशेबाहून जड ठरला. त्या मध्यप्रांतात गेल्या. गरीबखान्यांतून व रस्त्यांच्या कडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली व विधवा त्यांनी पाहिल्या. आणि तीनशे मुली वाचवावयाच्या असा निश्चय केला. पुण्यास तेव्हा प्लेगचा कहर चालू होता, म्हणून इतक्या जणींना शहरात ठेवणे सरकारी हुकुमामुळे शक्य नव्हते. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर तंबू व गवती छपरे उभी राहिली. ज्या जमिनीवर बागेचे उत्पन्न यावयाचे होते, तेथे देवाने माणसांचे पीक आणिले. ह्याच वस्तीला मुक्ती हे नाव मिळाले. लोणावळ्याच्या प्रार्थनेतील आकडा त्या मुलींत पुरा होऊन वर उरला.

१८९९ साली पाऊस पुन्हा फिरला. ह्या खेपेस गुजराथ, राजपुताना, व आपले दख्खनही होरपळले. रमाबाईंनी गुजराथेतून आणखी शेकडो मुली आणिल्या, व १९०० च्या सुमारास केडगावी जवळजवळ दोन हजार माणसे झाली. खेड्यातल्या वाचकाला सांगावयास नको की, दुष्काळाच्या वर्षी दोन हजार माणसांना अन्नाआधी पाणी पुरविणेच किती कठीण असते. आसपासच्या विहिरी आटल्या होत्या. मुक्तीच्या विहिरी रोज संध्याकाळी तळाला जात. सकाळी पुन्हा त्या दिवसापुरते पाणी भरलेले आढळे. उद्याचे पाणी आज विहिरीत कधीच नसे. परंतु आजचे पाणी आज चुकले नाही. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना असाच मिळत असे, हे आपण जाणतो.

पैशाचीही तीच गत. रमाबाईंचा पेढीत ठेवा नव्हता, वतन नव्हते, कोणी एक धनवान पाठीराखा नव्हता. कामाची हकीकत त्या मित्रांस कळवीत. निरनिराळ्या देशांतील विश्वासी लोक जे पाठवीत, ते त्या त्या दिवसाला पुरे, व उरत नसे. परंतु ह्यावरून कोणी असे समजू नये की, विश्वास म्हणजे आळस. वडिलांच्या घरी कुळाच्या अभिमानाने मजुरीला हात लावू दिला नव्हता, व त्याचे फळ रमाबाईंनी रानात भोगिले होते. म्हणून मुक्तीत प्रत्येक मुलीला काम होते. शेती, गुरांची जोपासना, विणकाम, तेल गाळणे, छापखाना, दळण, शिवण ही सर्व कामे स्त्रियाच करीत. आंधळ्यांना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी शिकविली. पतित स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. पुष्कळ जणी लिहिणे शिकून शिक्षिका झाल्या, कित्येक बायबलबाया होऊन खेडोपाडी शुभवर्तमान सांगत हिंडल्या. १९०५ साली मुक्तीत मोठे धार्मिक संजीवन झाले, व त्याची वार्ता दूरदूरच्या मंडळ्यांपर्यंत गेली.

आयुष्याच्या उत्तरकाळी रमाबाईंनी एक मोठे कार्य अंगावर घेतले. खेड्यातील साध्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणावे, म्हणून त्या उतारवयात इब्री व हेल्लेणी भाषा शिकल्या, आणि अनेक वर्षे त्या भाषांतरासाठी खपल्या. ज्या मुली दुष्काळात मरणोन्मुख सापडल्या होत्या, त्यांच्याच हातांनी त्याचे खिळे जुळविले गेले.

देवावर भाव ठेवणाऱ्याला दुःख येतच नाही, असे ज्याला वाटत असेल त्याने रमाबाईंचे शेवटचे वर्ष पाहावे. मनोरमा ही एकुलती एक मुलगी, त्यांचा उजवा हात. आपल्यामागे सर्व काम तीच पाहील असे सर्वांनी धरिले होते. १८८१ साली जन्मलेली ती मुलगी १९२१ च्या जुलै महिन्यात आईच्या आधी गेली. पासष्टीकडे झुकलेल्या, कानांनी बहिऱ्या झालेल्या त्या मातेपुढे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहिला, की आपल्यामागे कसे होईल? चाळीस वर्षांपूर्वी मरणाऱ्या भावाला जे उत्तर तिने दिले होते, तेच ह्या वेळी तिच्या उपयोगी पडले. ती भाषांतराच्या कामाला लागली, ते पुरते केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे प्रभूमध्ये झोपी गेली. समग्र बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. काम बुडाले नाही. मुक्तिमिशन आजही केडगावी उभे आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? पहिले हे की, विश्वास म्हणजे भय न वाटणे नव्हे. रमाबाईंना भय वाटले, त्यांनी हिशेब केला, त्या रडल्या. परंतु भय बरोबर घेऊनच त्या देवाने दाखविलेल्या वाटेवर चालल्या. दुसरे हे की, देव बहुधा वर्षाचा दाणागोटा एकदम कणगीत भरून देत नाही. त्या त्या दिवसाची भाकर त्या त्या दिवशी देतो, अशासाठी की, आपण रोज त्याच्या दाराशी यावे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण आजचीच भाकर मागतो, ह्याचे मर्म हेच आहे. तिसरे हे की, देवावर विसंबणारा हात जोडतो, पण ते हात कामालाही लावितो. विहीर आपण खणावी, झरा देवाने सोडावा. आणि चौथे हे की, आपले दुःख वाया जात नाही. रानातले ते अकरा दिवस जर आले नसते, तर पुढे हजारो भुकेल्यांची हाक रमाबाईंना ऐकू आली नसती. ज्या घरी आज उपास घडत आहे, त्या घरातील लेकराला देव उद्या कोणाचा पोशिंदा करील, हे कोणी सांगावे?

आंधळ्या अनंतशास्त्र्यांनी आपली मुलगी ज्या देवाच्या हाती दिली, त्याचे नाव त्यांना नीट ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. आकाशातील पाखरांना चारा घालणारा व रानातील फुलांना नेसविणारा तो आपला स्वर्गीय बाप आहे, आणि त्याने आपला पुत्रही आपल्यासाठी राखून ठेविला नाही. तर आज संध्याकाळी दिवा लाविल्यावर, घरच्या सर्व माणसांनी एकत्र बसून, आपले कर्ज, आपले आजारपण, आपली करपलेली शेते व आपली लेकरे एकेक नाव घेऊन त्याच्या हाती द्यावी. आणि सकाळी उठून, त्याने दिलेल्या दिवसाच्या कामास निःशंकपणे लागावे.